भुंगे काढायची नोकरी

निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या हळदीकुंकवाला पहिल्यांदाच गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही मिरजोळ्याला काय करत होता हो?" मी म्हटलं, "भुंगे काढायचे." त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, वाण हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला परसात नेऊन हापूसचं कलम दाखवलं. "खोडाला भिरूड लागलंय. बघा तुमच्याच्यानं निघतंय का." मी कलमाभोवती एक फेरी मारली, दोन भोकांत डोकावले, "उशीर झालाय" असं गंभीरपणे सांगितलं आणि चहा पिऊन घरी आले. खरं काय ते सांगायला सगळी सकाळ गेली असती, आणि इतकं करून त्यांना पटलं असतंच असं नाही.

खरं असं की मी चित्रकथांमधले गुंड काढायचे. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला काजूचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बर्फाचा, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा स्टुडिओ. तिथे 'कातळवीर' या महानायकाच्या मासिकाची चित्रं तयार व्हायची. कातळावर पाय आपटला की कातळवीराच्या अंगात बळ येतं आणि घाट चढला की ते ओसरतं. हा नियम आमच्या नानांनी पहिल्याच अंकात घालून ठेवला, कारण त्यांना घाटावरची चित्रं काढायचा कंटाळा होता. नाना म्हणजे स्टुडिओचे मालक आणि मुख्य चित्रकार. कातळवीर त्यांनीच काढायचा, खलनायकही त्यांनीच. गोष्ट लिहायचे पुण्याचे देवधर सर. तेच संपादक, आणि रंग भरणं, अक्षरं टाकणं, छपाई हे सगळंही त्यांच्याच देखरेखीखाली पुण्यात व्हायचं.

खलनायकाचं नाव भृंगराज. देवधर सरांच्या मनात भुंग्यांचा राजा होता. आमच्याकडे भृंगराज म्हणजे माका, खोबरेल तेलात उकळून केसांना लावतात तो. पहिला अंक निघाला आणि वाचकांची पत्रं सुरू झाली, की टक्कल पडलंय, भृंगराज काही मदत करील काय. देवधर सरांनी ती पत्रं फार मनाला लावून घेतली.

या भृंगराजाची फौज म्हणजे भुंगे. काळा पोशाख, काळा मुखवटा, डोक्यावर तारेच्या दोन मिशा. धंद्यात आम्ही त्यांना पंटर म्हणायचो. नाना नायक-खलनायक काढून पान माझ्या टेबलावर टाकायचे आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून सांगायचे, "इथं पंटर भर." लोक भाजीत मीठ घालायला सांगतात त्याच सुरात. मी उमेदीची सगळी वर्षं पंटर भरण्यात घालवली.

खलनायकाला फौज लागतेच कशाला, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. निदान कुणीतरी विचारील म्हणून मी वाट तरी बघते. उत्तर सोपं आहे. अंक बत्तीस पानांचा. नायक आणि खलनायक तिसऱ्या पानावर एकमेकांना भिडले तर चौथ्या पानावर गोष्ट आटोपते. मग उरलेल्या पानांत नायकानं हाणायचं कुणाला? खलनायकाला फार हाणलं तर तो पुढच्या अंकाला उरत नाही. पोलिसांना, म्हाताऱ्यांना हाणता येत नाही. तेव्हा कुणीतरी असा हवा की ज्याला मनसोक्त हाणलं तरी वाचकाला त्याच्या घरची आठवण होणार नाही.

ही युक्ती परदेशातून आली असं म्हणतात. मी नाही मानत. आमच्या गावी रात्रभर चालणाऱ्या नमनाच्या खेळात राक्षस यायचा तेव्हा त्याच्यामागे तोंडाला काजळ फासलेली चार पोरं नाचत यायची. त्यांना वगातलं अक्षर माहीत नसायचं. राक्षस ओरडला की ओरडायचं, देव आला की मार खायचा आणि पडद्यामागे जाऊन भजी खायची. माझा थोरला भाऊ त्यांच्यात असायचा. देवाचं काम करणारा इसम दिवसा त्याच्याकडून गवत कापून घ्यायचा आणि रात्री त्याला बडवायचा. फौजेची कल्पना मला तिथेच समजली होती, फक्त पुढे तिचा पगार मिळेल हे ठाऊक नव्हतं.

बाकीच्या गोष्टी निव्वळ सोयीच्या. सगळ्यांचा पोशाख एकसारखा, कारण रंगवणाऱ्याला सोपं पडतं. तोंडावर मुखवटा, कारण चेहरा काढायला वेळ लागतो आणि मुखवटा पेन फिरवला की झाला. इतके जण असून एकेकच का येतात अंगावर? सगळे एकदम आले तर नायकाचा ठोसा गर्दीत दिसत नाही. मी मात्र कोपऱ्याकोपऱ्यात आपली हौस भागवून घ्यायचे. भृंगराज सिंहासनावरून गर्जना करतोय आणि मागच्या रांगेतला एक भुंगा हळूच चप्पल शोधतोय. दुसऱ्यानं गुहेत दोरीवर बनियन वाळत घातलंय. नानांना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही, कारण स्वतः काढलेला भाग सोडून पानावरचं दुसरं काही ते बघत नसत.

पुढे देवधर सरांनी कुठल्याशा शिबिरात भाषण ऐकलं आणि फोन केला, "मुखवटे काढून टाका. वाचकाला भावना दिसल्या पाहिजेत. मिशा राहू द्या." म्हणजे आता प्रत्येक भुंग्याला चेहरा आला. चेहरे आणायचे कुठून? स्टुडिओत रिकामा म्हणावा असा माणूस एकच होता, दत्ता.

दत्ता देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. स्कॅनिंग, पार्सलं, चहा, शेडची किल्ली, सगळं त्याच्याकडे. मी त्याच्या हातात झाडूचा दांडा द्यायचे आणि त्याला टेबलावर उभा करायचे. "दत्ता, तुला पोटात लाथ बसलीय." दत्ता असा काही कळवळायचा की बर्फाच्या कारखान्यातली माणसं धावत यायची. त्याला मरायला फार आवडायचं. दरवेळी विचारायचा, "ओ बाई, आज काय हाय? बुडायचा काय जळायचा?" मी थोडे दिवस तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवली होती, तेव्हापासून सगळ्यांची बाईच आहे.

चेहरे दिसू लागल्यावर गिऱ्हाइकंही येऊ लागली. बाजारातले एक कापड दुकानदार समोरच्या दुकानदाराचा फोटो घेऊन आले. "ह्याला पुढच्या रांगेत घ्या आणि कातळवीराकडनं एक सणसणीत द्या." मी म्हटलं, असं करता येत नाही. त्यांनी एक साडी पुढे केली. मी म्हटलं, असं खरंच करता येत नाही. पुढच्या महिन्यात तो समोरचा दुकानदार आला, या पहिल्या दुकानदारांचा फोटो घेऊन. मग मात्र मी दोघांनाही एकाच चौकटीत घेतलं, एकमेकांच्या डोक्यावर आपटलेले. दोघांनीही अंकाचे गठ्ठे घेतले आणि आपापल्या गिऱ्हाइकांना फुकट वाटले. साडी कुणाचीही घेतली नाही, हे आपलं सांगून ठेवते.

आणि मग दत्ताचं लग्न निघालं.

दत्तानं तिशी ओलांडली होती. गावाकडे राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते ज्यांच्या घरात मुलगा आहे त्यांना मी काय सांगू. मुलींच्या घरच्यांना मुंबई लागते, निदान विरार तरी. दत्ताला नकाराची इतकी सवय झाली होती की तो मुलगी बघायला जाताना परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवायचा. अशात मंडणगडचं स्थळ आलं. सुजाता. एसटीत कंडक्टर. वडील नव्हते, मामांनी वाढवलेली. दोघांचं फोनवर बोलणं झालं, जमलंही. दत्ता स्कॅनरवर पान उलटं ठेवू लागला, त्यावरून मी ओळखलं. उरला तो मामांचा होकार. दत्ता, त्याची आई आणि सोबत शिकलेलं माणूस असावं म्हणून मी, असे तिघं मंडणगडला गेलो.

मामा मुंबईत गोदीत नोकरी करून गावी परतलेले. चहा-पोहे झाले, पाऊसपाणी झालं. मग मामांनी फळीवरचा 'कातळवीर'चा अंक काढला, पान उघडलं आणि दत्तापुढे धरलं. भृंगराजाच्या कारखान्याचा स्फोट. भुंगे चहूकडे उडालेत आणि मधोमध, तोंड वासून, दत्ता. तोंडातून अक्षरं, "आई गं!"

"ह्यो तूच ना?"

दत्ताचा चेहरा फुलला. "व्हय! मीच. वळखलात?"

"ह्यात तू मेलायस."

"व्हय," दत्ता अभिमानानं म्हणाला. "बाईंनी मला स्टुलावरनं सारख्या उड्या मारायला लावल्या त्याच्यासाठी."

मामांनी अंक मांडीवर ठेवला. "आनि मी माजी भाची मेलेल्या मानसाला देऊ?"

मी म्हटलं, "मामा, अहो चित्र आहे ते."

"चित्र तर चित्र. छापून आलाय. घराघरात ग्येलाय. उद्या वाडीतली पोरं बोलतील, सुजाताचा नवरा लग्नाआधीच उडाला."

दत्ताच्या आईनं पदर सावरला. "मेल्याची बातमी उठली तर मानसाचा आयुष्य वाढतो, असा बोलतात."

"ती बातमी उठली तर. ही काय बातमी नाय, रंगीत चित्र हाय." मामा माझ्याकडे वळले. "तुमीच मारलात, तुमीच जिता करा. पुढल्या अंकात जिता दिसू दे, मग बोलू."

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं दत्ताकडे बघितलं, अंकाकडे बघितलं आणि हसू दाबत आत गेली.

परतीच्या गाडीत खेड आल्यावर दत्ता माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "बाई, मला हिच्याशीच लगीन करायचाय. आजवर तुमी सांगितलात तसा मेलो. आता मला जिता करा." त्याची आई खिडकीतून बाहेर बघत होती, पण कान इकडेच होते. मी हो म्हणून बसले.

म्हणायला काय जातं. आमच्या धंद्यात नायक मेला तर वाचक निवांत असतात, तो येतोच. खलनायक दर उन्हाळ्यात मरतो आणि दिवाळीला ताजातवाना परत येतो. पंटर मात्र मेला की मेला. त्याला नावच नसतं, मग परत बोलवायचं कुणाला? देवधर सर फोनवर हेच म्हणाले.

"अहो बाई, तो गेला ना!"

"गेला कशावरून?"

"तुम्हीच तर उडवलाय त्याला."

"उडवलाय. खाली पडलेला कुठे दाखवलाय?"

हे उत्तर माझं मलाच नवीन होतं. नंतर मी जुने अंक काढून बसले. भुंगे दरीत ढकललेले, तोफेतून सुटलेले, वाऱ्यानं नेलेले. पानामागून पान सगळे हवेत. एकाही भुंग्याला मी जमिनीवर टेकवला नव्हता. उडाला की माझं काम संपायचं, मी पुढच्या चौकटीत नवे भरायचे. तसं बघितलं तर ती सगळी फौज अजून वरच होती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. कागदावरच्या माणसांसाठी वाईट वाटून घेणं मूर्खपणाचं आहे हे कळत होतं, तरी वाटलं.

देवधर सरांनी शेवटी एक चौकट दिली, पानाच्या तळाशी. मी जीव ओतून काढली. भात कापून झालेलं शेत, शेताच्या कडेला उडवी आणि उडवीत रुतून बसलेला दत्ता, कंबर चोळतोय, मिशांत पेंढा अडकलाय. उडवी म्हणजे भाताच्या पेंढ्याची रचून ठेवलेली रास. आमच्याकडे शेंबडं पोरही उडवीवर उड्या मारून वाढलेलं असतं. चित्राखाली मी मजकूर लिहिला, 'आणि तो थेट उडवीवर!' उडाला आणि उडवीवर पडला, हे मला फार मजेशीर वाटलं होतं. दत्तालाही. त्यानं पान स्कॅन करून पुण्याला पाठवलं आणि मामांना कळवलं की पुढचा अंक बघा.

अंकाचा गठ्ठा आला तो दत्तानंच फोडला. पान उघडलं आणि ते माझ्याकडे वळवलं. मी अंक त्याच्या हातातून घेतला. माझ्या मनातली पिवळी उडवी तांबडीलाल झाली होती. पेंढ्याच्या काड्यांच्या ज्वाळा झाल्या होत्या. त्या ज्वाळांत दत्ता कंबर धरून बसला होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आणि त्याला थेट उडवला!'

मी देवधर सरांना फोन लावला.

"उडवी?" ते म्हणाले. "मला वाटलं तुमच्या हातून काहीतरी चुकलं. उडवीवर म्हणजे काही अर्थच लागेना. मी निर्दोष केलं ते."

"आणि पेंढा?"

"तो पेंढा होता? आम्हाला जाळ वाटला. आमच्याकडे गंजी म्हणतात हो, आणि ती इतकी बुटकी नसते." मग म्हणाले, "रंग मात्र छान आलेत, नाही?"

मामांचा फोन दुपारी आला. मला बोलूच दिलं नाही. "एकदा मारलात, मी बोल्लो चुकून झाला असंल. आता परत मारलात, तो पन जाळून. आमाला हा संबंध नको." फोन बंद. दत्तानं त्या दिवशी चहात साखर घातली नाही, आणि कुणी त्याला काही बोललं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक खाकी कपड्यांतली मुलगी शेडच्या दारात उभी राहिली. सुजाता. मंडणगड-रत्नागिरी गाडीवर ड्युटी होती, परतीला वेळ होता, स्टँडवरून रिक्षा करून आली होती. दत्ता तिला बघून स्कॅनरमागे गेला आणि तिथेच राहिला.

मी तिला बसायला सांगितलं आणि झालेला घोटाळा समजावू लागले. उडवी, गंजी, जाळ. तिनं हात वर केला.

"मला माहीत हाय उडवी काय ती. मामांचं सोडा, मामांना मी बघते. माझं म्हणणं वेगळं हाय." तिनं पिशवीतून अंकांची चळत काढली. "स्टँडवरच्या स्टॉलवरनं सगळे आणले, वाचले. हा मेला, जळला, मला त्याचं काय नाय वाटलं. पण बाई, हा बोलत का नाय?"

"बोलतो की."

"काय बोलतो? 'जो हुकूम, भृंगराज.' नायतर 'आई गं.' मधलं काय नायच. भृंगराज बोलला समुद्रात उडी मार, हा मारतो. कशाला मारू, असं एकदा पण विचारत नाय."

एवढ्यात आतून नानांची हाक आली, "दत्ता, चहा!" आणि स्कॅनरमागून दत्ता ताठ उभा राहिला. "व्हय नाना!" दुसऱ्या क्षणी तो किटली घेऊन बाहेर. सुजातासमोरून गेला, तिच्याकडे बघायचंसुद्धा राहून गेलं.

सुजाता माझ्याकडे वळली. "बघितलात?"

मला राग आला. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला. इतकी वर्षं मी समजत होते की भुंगा ओळखायचा तो मिशांवरून.

"मी दिवसभर गाडीत मानसांशी बोलते," ती म्हणाली. "सुट्ट्यावरनं भांडते, सीटवरनं भांडते. घरी आल्यावर भिंतीशी बोलू काय? फोनवर चांगला बोलतो तो, माणूस चांगला हाय. पण कुणी मोठा माणूस समोर आला की मान हलवतो. उद्या मामा बोलतील असं कर, हा करील. मग माझ्या बाजूनं कोण? कागदावर इतक्यांदा मेला, एकदा 'नाय' बोलायला काय झालं?"

ती परतीच्या गाडीला गेली. दत्ता चहा देऊन आला तर खुर्ची रिकामी. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ किटली पुसत बसला. मग म्हणाला, "नाय बोलायचा तर कशाला बोलायचा? काय तरी कारन पायजे ना."

हाच प्रश्न देवधर सरांनीही विचारला. उडवीच्या प्रकरणामुळे ते थोडे नरमले होते, तरी लेखक होते. "पंटर बोलायला लागले तर खलनायकाला कोण भीक घालणार? आणि नोकरी सोडतो तर का सोडतो? त्याचं मतपरिवर्तन वगैरे दाखवायला माझ्याकडे पानं नाहीत."

"मतपरिवर्तन नको. शिमगा आहे."

"काय?"

"शिमग्याला घरी जायचंय त्याला. देवाची पालखी येते घरी."

"अहो, भृंगराज उद्या पृथ्वीचा नाश करणार आहे, आणि हा शिमग्याला जाणार?"

"कोकणातला माणूस आहे, सर."

"आमच्या प्रेसमधला बाइंडर असाच जातो दरवर्षी," ते म्हणाले. "दिवाळीला थांबतो, शिमग्याला नाही थांबत. हं. हे पटतं."

तर अशी चौकट ठरली. भृंगराज सिंहासनावरून गरजतो, "उद्या पृथ्वीचा विनाश! कोण येणार माझ्यासोबत?" सगळी फौज म्हणते, "जो हुकूम!" आणि दत्ता, एक मिशी जळालेली, अंगाला पेंढा, मिशांची पट्टी काढून हातात घेतो आणि म्हणतो, "मी नाय येणार. गावाला पालखी आहे." मी माझी चौकट काढून मोकळी झाले. उडालेला पंटर पहिल्यांदाच जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभा होता, आणि तो काढताना मला इतकं सोपं गेलं की आश्चर्य वाटलं. अडलं ते नानांचं. पुढच्या चौकटीत भृंगराजाचा चेहरा हवा होता, उत्तर न सुचलेला. नानांनी जन्मभर भृंगराजाला एकतर गरजताना काढला होता नाहीतर हसताना. कागदांवर कागद गेले. कुठे त्याचं पोट दुखतंय असं वाटायचं, कुठे दात.

नाना वैतागून उठले. "दत्ता, रविवारी शेड उघड. मी हे रविवारी बसून काढतो."

दत्ता पार्सल बांधत होता. सुतळीची गाठ मारता मारता म्हणाला, "रविवारी नाय जमनार नाना. मला मंडनगडला जायचाय, सुजाताला भेटायला."

नानांच्या भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या. तोंड उघडलं, पण आतून काही येईना. एक बोट हवेत उठलं होतं, ते कुठे न्यावं हे त्यांना कळत नव्हतं. मी पेन्सिल उचलली. "नाना, जरा असेच उभे राहा हं, उजेड चांगला आहे." आणि त्यांनी भानावर यायच्या आत चेहरा उतरवून घेतला. तो कागद संध्याकाळी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी नाक तेवढं लांब केलं, वरून शाई फिरवली आणि खूश होऊन म्हणाले, "बरोब्बर. असाच बावळट दिसायला हवा हा." तो चेहरा वाचकांना फार आवडला. कुणाचा आहे ते नानांना अजून माहीत नाही. हे मी ज्या दिवाळी अंकात लिहितेय तो त्यांच्याकडे जातो, तेव्हा आता कळेल.

या वेळी छपाईआधी मी देवधर सरांकडून मजकूर फोनवर मोठ्यानं वाचून घेतला. 'नाय'चं त्यांनी 'नाही' केलं होतं, ते परत 'नाय' करायला लावलं. पान पाठवण्याआधी आपणहून आणखी एक गोष्ट केली होती, ती कुणाला सांगितली नाही. त्या चौकटीच्या मागच्या रांगेत आणखी दोन भुंगे मिशांच्या पट्ट्या सोडताना दाखवले. एकाच्या काखेत पिशवी.

अंक हातात पडला तसे आम्ही तिघं पुन्हा मंडणगडला गेलो. बोलावणं नव्हतं, सुजातानं फक्त ड्युटी कधी संपते ते कळवलं होतं. मामांनी दार उघडलं, नाखुशीनं का होईना पाणी दिलं. दत्तानं अंक त्यांच्यापुढे ठेवला आणि हात मांडीवर घट्ट दाबून बसला. मामांनी चष्मा लावला. एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागले. जळालेल्या मिशीवर बोट ठेवलं. पायांवर बोट ठेवलं.

"जिता हाय," ते म्हणाले.

दत्ताच्या आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"शिमग्याला चाललाय. चांगला हाय. देवाला इसरला नाय." मामांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. चष्म्यावरून त्यांनी दत्ताकडे बघितलं. "पन म्हंजे नोकरी सोडलीस काय तू?"

"व्हय... म्हंजे नाय, मामा, ती तिकडची..."

"छापून आलाय. मालकाला तोंडावर सांगून आलायस." मामांनी अंक खाली ठेवला. "आदी मेलेला व्हतास. आता बेकार. बेकार मानसाला मी भाची देऊ?"

छापलेलं खोटं असतं हे या माणसाला पटवण्यात आम्ही एकदा हरलो होतो. दत्ताच्या आईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दत्ता उठला. मला वाटलं, गाडीची वेळ विचारतो की काय. तो म्हणाला, "मामा, मी बेकार नाय. आनि असलो तरी मला सुजाताशीच लगीन करायचाय. तुमी नाय बोल्लात तरी मी परत येनार."

दारात सुजाता उभी होती, नुकतीच ड्युटीवरून आलेली, खांद्याला अजून तिकिटांची बॅग. कधी आली होती कोण जाणे. तिनं बॅग काढून खुंटीला अडकवली.

"माझी हाय ना नोकरी, मामा," ती म्हणाली. "परमनंट."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दत्ताच्या आईकडे वळून विचारलं, "तुमच्यात हळद आदल्या दिवशी लावतात, की त्याच दिवशी सकाळची?"